घरांतलें शास्त्र : थंड भांड्यावरचे थेंब आणि एक खोटा आळ

गेल्या महिन्यांत दूध उतूं कां जातें याचा विचार आपण केला. तो लेख वाचून एका वाचक भगिनींनीं विचारलें आहे, "दुधाचें समजलें, पण फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला बाहेरून पाणी कां सुटतें? तांब्या झिरपतो म्हणावें, तर साधें पाणी भरून रात्रभर ठेवलेल्या त्याच तांब्याखालीं सकाळीं टिपूसहि नसतो." प्रश्न चांगला आहे. त्याचें उत्तर मीं शाळेंत तीस वर्षें फळ्यावर लिहून दिलें. परंतु तें मला खऱ्या अर्थानें उमगलें तें निवृत्त झाल्यावर, आणि तेंहि माझ्या सुनेवर एक अन्याय होऊन गेल्यावर. म्हणून आज शास्त्राच्या आधीं ती हकीकत सांगतों.

आमचें घर रत्नागिरींत, समुद्रापासून फार दूर नाहीं. भिंती जांभ्या दगडाच्या, माजघरांत शहाबादी फरशी. दोन वर्षांपूर्वीं आषाढांत सहा दिवस अखंड झड लागली होती. सातव्या दिवशीं उघडीप झाली, ऊन पडलें, समुद्रावरून कोमट वारा सुटला. आणि घर सुकावें म्हणून आम्ही मोठ्या उत्साहानें दारें-खिडक्या सताड उघडल्या. दुपारीं माझी आई, वय वर्षें शहाऐंशी, देवघरांतून माजघरांत येत असतां पाय घसरून पडली. मनगट मोडलें. फरशी पाहतों तों ओली. पाऊल ठेवल्यास ठसा उमटावा इतकी ओली.

अशा वेळीं घरांत पहिला प्रश्न 'कसें झालें?' हा नसतो, 'कोणी केलें?' हा असतो. फरशी पुसण्याचें काम सूनबाईकडे. माझी पत्नी तिला म्हणाली, "ओल्या फडक्यानें पुसलेंस, तर मागाहून कोरडें फडकें फिरवायला काय झालें होतें?" सूनबाई म्हणाली, "आई, मीं आज फरशी पुसलेलीच नाहीं. ऊन पडलें म्हणून अंथरुणें वाळत घालत होतें." यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. परंतु न बोलण्यांतहि एक निकाल असतो, आणि तो सर्वांस ऐकूं येतो. मीहि गप्प बसलों. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ तिनें काय घेतला असेल, हें मला त्या वेळीं सुचलें नाहीं.

पंधरवड्यानें तोच प्रकार पुन्हां घडला. झड, उघडीप, ऊन, उघड्या खिडक्या आणि ओली फरशी. फरक एवढाच कीं, या खेपेस सूनबाई चार दिवसांकरितां चिपळुणास माहेरीं गेली होती, आणि सकाळपासून फरशीला कोणाचेंहि फडकें लागलेलें नव्हतें.

आपल्या न्यायशास्त्रांत कारण ठरविण्याची एक कसोटी सांगितली आहे, ती अन्वय-व्यतिरेकाची. कारण असतां कार्य असावें, हा अन्वय. कारण नसतां कार्य नसावें, हा व्यतिरेक. जिच्याकडे कारण म्हणून बोट दाखविलें ती घरांत नाहीं, आणि कार्य तर माजघरभर पसरलेलें! ज्यानें तरुणपणीं तर्कसंग्रह घोकला, त्याला ही कसोटी आपल्याच घरांत लावण्यास पंधरा दिवस लागले, ही गोष्ट लाजेची खरी. पण ती येथें लिहून ठेवतों.

सूनबाई सुटली, तेव्हां आळ जमिनीवर आला. एका गवंड्यास बोलावलें. त्यानें फरशीवर दोनदां टिचकी मारली आणि सांगितलें, "खालून ओल चढते आहे. फरशी उखडून खालीं पाणी अडविणारा थर घालावा लागेल." खर्चाचा जो अंदाज त्यानें सांगितला, तो ऐकून माझ्या निवृत्तिवेतनासहि घाम फुटला. तेवढ्यांत आठवींत शिकणारी माझी नात म्हणाली, "आजोबा, पाणी खालून येतें कीं वरून, तें आधीं पाहूं या ना!" तिनें जाड प्लास्टिकचा हातभर लांबी-रुंदीचा एक तुकडा कापला, फरशीचा तेवढा भाग पंख्याखालीं नीट कोरडा केला, आणि तुकड्याच्या चारी कडा चिकटपट्टीनें फरशीस चिकटवून टाकल्या. युक्ति अशी कीं, ओल जमिनींतून येत असेल तर ती प्लास्टिकच्या खालच्या अंगास सांचेल; वरून येत असेल तर वरच्या अंगास. आठ दिवसांनीं पुन्हां तसाच दमट दिवस उगवला. फरशी ओली झाली. प्लास्टिकच्या वरच्या अंगावर थेंबच थेंब. पट्टी सोडवून पाहिलें तर खालीं फरशी कोरडी ठणठणीत! छपर गळत नव्हतें, कोणी पाणी सांडलें नव्हतें. मग पाणी आलें कोठून? उरली एकच वस्तु, जिच्याकडे आपण कधींच संशयानें पाहत नाहीं. कारण ती दिसत नाहीं. ती म्हणजे हवा.

वाचकांनीं माझ्या शब्दावर विश्वास ठेवूं नये. तांब्याच्या बाबतींत हेंच तीन सोप्या रीतींनीं घरीं पडताळून पाहतां येतें. पहिली रीत : कांचेच्या पेल्यांत अगदीं थंड कोकम सरबत भरावें. बाहेर जमणारे थेंब रंगहीन असतील, आणि चाखून पाहिले तर आंबट-गोडहि लागणार नाहींत. दुसरी रीत : एक रिकामा, कोरडा पेला फ्रिजमध्यें अर्धा तास ठेवून बाहेर काढावा. आंत पाण्याचा थेंब नाहीं, तरी बाहेरून तो क्षणांत धुरकट होईल. तिसरी रीत मला सर्वांत पटते. घट्ट झांकणाची पाण्यानें भरलेली बाटली फ्रिजमध्यें गार करावी, बाहेर काढतांच स्वयंपाकघरांतील काट्यावर तोलावी, आणि अर्ध्या तासानें, न पुसतां, पुन्हां तोलावी. आंतलेंच पाणी बाहेर झिरपत असतें, तर बाटली आणि थेंब मिळून वजन जेवढ्यास तेवढें राहिलें असतें. प्रत्यक्षांत तें कांहीं ग्रॅमांनीं वाढलेलें दिसेल. जें वाढलें तें बाहेरून आलें, हें मग निराळें सांगावयास नको.

हवेंत पाणी असतें तें वाफेच्या रूपानें. ही वाफ म्हणजे किटलीच्या तोंडाशीं दिसणारा पांढरा धूर नव्हे. तो धूर म्हणजे बारीक जलकणच होत. खरी वाफ अदृश्य असते. ती किती असावी? माझें माजघर चार मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तीन मीटर उंच, म्हणजे ४८ घनमीटर. त्या दुपारीं हवेचें उष्णमान २९ अंश आणि आर्द्रता ९० टक्के होती. हिशेब केला तर त्या खोलीच्या हवेंत सुमारें सव्वा लिटर पाणी, कोणास न दिसतां, तरंगत होतें!

तें पाणी थंड वस्तूवरच कां उतरावें? मुलांना समजविण्यासाठीं मी पंगतीचा दृष्टान्त देत असें. कोणत्याहि ओल्या पृष्ठभागावर पाण्याच्या रेणूंची सारखी ये-जा चालू असते. कांहीं उठून हवेंत जातात, कांहीं हवेंतून येऊन बसतात. उठून जाणारे किती, हें त्या पृष्ठभागाच्या उष्णतेवर अवलंबून; येऊन बसणारे किती, हें हवेंतील वाफेवर अवलंबून. ऊन पृष्ठभागावर बसलेला पाहुणा लगेच उठतो, म्हणून तेथें पंगत भरत नाहीं. थंड पृष्ठभागावर आलेला पाहुणा बसला कीं बसला; मागून येणारे येतच राहतात, आणि पाहतां पाहतां पानें मांडावयास जागा उरत नाहीं. येणारे अधिक आणि उठणारे कमी, असें झालें कीं थेंब दिसूं लागतात. 'गरम हवा स्पंजाप्रमाणें जास्त पाणी धरून ठेवते' असें पुस्तकांत लिहितात, आणि मीहि तसेंच शिकवीत आलों. काम भागविण्यापुरतें तें ठीक. परंतु हवा कोणासच धरीत नाहीं. सगळा खेळ येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हिशेबाचा आहे.

या हिशेबास आंकडेहि आहेत. एका घनमीटर जागेंत वाफ जास्तींत जास्त किती राहूं शकते? १० अंश उष्णमानास सुमारें ९.४ ग्रॅम, २० अंशांस १७.३ ग्रॅम आणि ३० अंशांस ३०.४ ग्रॅम. म्हणजे दमट हवा थंड करीत गेलें तर एक वेळ अशी येते कीं, तिच्यांत असलेली वाफ आणि तिच्यांत राहूं शकणारी वाफ यांची तोंडमिळवणी होते. त्या उष्णमानास दंवबिंदु म्हणतात. ज्या वस्तूचें उष्णमान दंवबिंदूच्या खालीं, तिच्यावर पाणी सुटणार. मग ती वस्तु तांब्या असो, चष्म्याची भिंगें असोत वा माजघराची फरशी. आमच्या फरशीवर उष्णतामापक टेकविला, तेव्हां तो साडेपंचवीस अंश दाखवीत होता, आणि हवेचा दंवबिंदु होता सुमारें २७ अंश. सहा दिवसांच्या झडीनें निवलेला दगड अजून थंडच होता. वारा मात्र समुद्रावरून नवी, ऊबदार वाफ घेऊन येत होता. खोली बंद असती, तर तेवढ्या हवेनें फार तर शंभरएक ग्रॅम पाणी फरशीला दिलें असतें आणि ती रिती झाली असती. आम्ही खिडक्या उघडल्या, आणि समुद्रालाच घरांत येण्याचें आमंत्रण दिलें. घर सुकविण्यासाठीं केलेल्या उपायानेंच घर भिजलें, आणि त्याचा दंड माझ्या आईच्या मनगटानें भरला.

पुण्यास राहणाऱ्या वाचकांना हें खोटें वाटेल, कारण तेथील उन्हाळ्यांत ३६ अंश उष्णमान आणि २० टक्के आर्द्रता असली तर दंवबिंदु दहा अंशांच्याहि खालीं असतो. तेथें तांब्यांतील पाणी बरेंच गार असल्यावांचून त्यास घाम येत नाहीं. रत्नागिरींत नुसत्या विहिरीच्या गार पाण्यानें भरलेली कळशीहि कधीं कधीं ओली दिसते.

येथें कोणी विचारील, "मग माठ बाहेरून ओला असतो, तेंहि दंवच काय?" नव्हे. येथेंच पुष्कळांची गफलत होते. माठाचें पाणी खरोखरच आंतून झिरपतें. तें बाहेर येऊन हवेंत उडून जातें, आणि जातांना माठाची उष्णता घेऊन जातें. तांब्या थंड म्हणून ओला; माठ ओला म्हणून थंड. दिसण्यास दोन्ही सारखे, पण कार्य-कारण अगदीं उलट! शिवाय, माठ स्वतःच्या बळावर दंवबिंदूच्या खालीं कधींच जाऊं शकत नाहीं. कारण हवा तितकी भरलेली असली कीं पाणी उडणेंच थांबतें. सोलापुराकडे ३८ अंशांच्या कोरड्या हवेंत माठांतील पाणी २१-२२ अंशांपर्यंत निवूं शकतें. आमच्याकडे ३२ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असतां तें साडेसत्तावीस अंशांच्या खालीं उतरत नाहीं. "देशावरचें माठाचें पाणी गोड" असें कोंकणांतलीं माणसें म्हणतात, त्याचें अर्धें रहस्य हें आहे.

आपण मराठींत 'दंव पडतें' असें म्हणतों, जसा पाऊस पडतो. संस्कृतांत दंवाला एक शब्द आहे, अवश्याय. अमरकोशांत तो हिमाच्या नांवांत दिला आहे. त्यांतला धातु श्यै, आणि पातळ पदार्थ थिजणें या अर्थीं तूप थिजतें तेव्हांहि त्याचाच उपयोग होतो. म्हणजे हा शब्द दंवाला पडावयास लावीत नाहीं. तें जेथल्या तेथें 'थिजतें' असें सांगतो. याच धातूपासून प्रतिश्याय शब्द झाला, आणि त्यापासून आपलें पडसें. दंव आणि पडसें हीं एकाच कुळांतलीं भावंडें आहेत हें पाहून मला मोठी गंमत वाटली.

युरोपांतहि दंव आकाशांतून पडतें कीं जमिनींतून वर चढतें, हा वाद फार काळ चालला. इ. स. १७५१ मध्यें फ्रान्समधील माँपेलिए येथील शार्ल ल र्वा यांनीं भांड्यांतील पाणी हळूहळू थंड करीत, बाहेरून धुरकटपणा नेमका कोणत्या अंशास येतो तें मोजलें. दंवबिंदूची कल्पना तेथून रूढ होत गेली. पुढें लंडनमधील वैद्य विल्यम चार्ल्स वेल्स यांनीं रात्रीच्या रात्री उघड्यावर काढून प्रयोग केले. सारख्या वजनाचे लोंकरीचे पुंजके ते एका फळीच्या वर व खालीं ठेवीत आणि सकाळीं तोलीत. आकाशाकडे तोंड असलेला पुंजका जास्त भिजे. निरभ्र रात्रीं गवत, पानें, लोंकर आपली उष्णता आकाशाकडे टाकतात, हवेपेक्षां जास्त थंड होतात, आणि मग त्यांवर वाफेचें पाणी होतें, हें त्यांनीं १८१४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधांत दाखवून दिलें. ढगाळ रात्रीं दंव कां नसतें, झाडाखालीं तें कमी कां असतें, याचा उलगडा यानेंच होतो.

आमच्या जिल्ह्यांत ही नुसती पुस्तकी गोष्ट नाहीं. भात कापल्यावर खाचरांत वाल, कुळीथ पेरतात, तें जमिनींत उरलेल्या ओलीच्या भरंवशावर, आणि थोडें दंवाच्या आशेवर. उलट आंब्याच्या मोहोरावर दंव फार वेळ राहिलें तर करप्यास तें हवेंच असतें. म्हणून माघांतल्या सकाळीं बागाईतदाराची नजर आधीं पानांवर जाते. कच्छांतील कोठारा येथें तर अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेंतील प्राध्यापक गिरजा शरण यांनीं इ. स. २००० नंतर छपरांवर दंव उतरवून तें पिण्यासाठीं गोळा करण्याचे प्रयोग केले. एका घरास जें पाणी नकोसें, तेंच दुसऱ्या घरास तीर्थ!

आतां संसारास उपयोगी अशा चार गोष्टी सांगून लेख पुरा करतों. झडीनंतर उघडीप पडली कीं घाईनें सर्व खिडक्या उघडूं नयेत. पंखा लावावा, फरशीस थोडी ऊब येऊं द्यावी. स्वयंपाकाची वाफ मात्र तेथल्या तेथें बाहेर जाऊं द्यावी. फ्रिजमध्यें ठेवलेला मसाल्याचा अथवा रव्याचा डबा बाहेर काढल्यावर लगेच उघडूं नये. तो घराइतका ऊन झाल्यावर उघडावा, नाहींतर वाफ आंत शिरून जिन्नस भिजतो. पोथ्यांचें कपाट थंड भिंतीस टेकवून ठेवूं नये, चार बोटें जागा सोडावी. आणि सरबताचा पेला फडक्यानें गुंडाळावा. एक ग्रॅम वाफेचें पाणी होतांना सुमारें ५८० कॅलरी उष्णता बाहेर पडते. ती सगळी पेल्यांत उतरली, तर पाव लिटर सरबत सवादोन अंशांनीं तापावयास पुरेल.

ज्या दिवशीं नातीनें तो प्लास्टिकचा तुकडा सोडविला, त्याच संध्याकाळीं सूनबाई स्वयंपाकघरांत भाजी चिरत असतां मी तेथें गेलों आणि म्हणालों, "त्या दिवशीं तूं खरें सांगत होतीस. मला तें ठाऊक असावयास हवें होतें. मी बोललों नाहीं, ती माझी चूक." ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मामंजी, फरशीचें मला नाहीं वाटलें. तुम्ही विचारलेंहि नाहींत, त्याचें वाटलें." मग तिनें पुन्हां विळी पुढें ओढली. माझी पत्नी चुलीपाशींच उभी होती. ती कांहीं बोलली नाहीं. पण रात्रीं जेवतांना सुनेच्या पानांत तिनें न मागतां तुपाची धार धरली.

तीस वर्षें मी मुलांना शिकवीत आलों कीं, आधीं विचारावें, मग तपासावें, आणि मगच ठरवावें. माजघराच्या त्या फरशीवर माझी स्वतःची परीक्षा झाली, आणि पहिल्या प्रश्नासच मी नापास झालों. आतां तेथें आईसाठीं भिंतीला धरावयाची कांठी बसविली आहे, आणि झडीनंतर ऊन पडलें कीं नात आधीं उष्णतामापक घेऊन फरशीवर बसते. ती सांगेल तेव्हांच आमच्या घरच्या खिडक्या उघडतात.